फॉरमॅट मारण्याआधी...

"काय बे, एरर येते? मार ना फॉरमॅट!" आमच्या वेळी होस्टेलमध्ये कॉम्प्युटरच्या सर्व रोगांवर हे एकच औषध होतं. त्या औषधाची किंमत मला कशी कळली, ते आज सांगतो.

गोष्ट २००६ च्या दिवाळीची. दारव्ह्याला आमचं छोटंसं कृषी केंद्र. दुकानाच्या हिशेबासाठी बाबांनी एक जुना, असेंबल केलेला कॉम्प्युटर घरी आणला होता. विंडोज एक्सपी, रॅम १२८ एमबी. सुरू व्हायचा तोही आपल्या शकुंतला गाडीसारखा, निवांत! मी सुट्टीत घरी गेलो तर बाबा म्हणाले, "हे रोज सकाळी काय मांगून राह्यलं रे? पाह्य बरं जरा."

स्क्रीनवर एक चौकोन होता. 'एरर लोडिंग', पुढे कुठल्याशा डीएलएल फाइलचं नाव आणि 'द स्पेसिफाइड मोड्यूल कुड नॉट बी फाउंड'. ओके दाबलं की तो जायचा, पुढे काम नीट चालायचं. पण मी पडलो इंजिनिअर! सीडी घातली, सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, विंडोज नव्याने टाकलं. कॉम्प्युटर चकाचक, एरर गायब.

आणि उधारीची यादीही गायब.

जूनमध्ये बियाणं-खत न्यायचं आणि कापूस विकल्यावर पैसे द्यायचे, हा आपल्याकडचा रिवाज. ती सगळी यादी माय डॉक्युमेंट्समध्ये होती. मी विचारलंच नव्हतं. बाबा ओरडले नाहीत. लोडशेडिंगमध्ये कंदील लावून दोन रात्री आठवून आठवून वहीत नावं लिहीत बसले. काही लोक स्वतःहून आले, आकडा सांगून पैसे देऊन गेले. काही आले नाहीत. कुणाकडे किती मागायचे याची खात्री नव्हती, म्हणून बाबाही गेले नाहीत. त्या वर्षी माझी होस्टेलची फी त्यांनी कुठून भरली, हे मी आजवर विचारलेलं नाही.

२००८ मध्ये तसाच चौकोन पुन्हा आला. या वेळी मी आधी सगळा हिशेब सीडीवर उतरवला आणि मग शांतपणे शोध घेतला. पेनड्राइव्हमधून व्हायरस आला होता. अँटिव्हायरसने त्याची फाइल काढून टाकली, पण 'सुरू होताना ही फाइल उघड' अशी व्हायरसने रजिस्ट्रीत केलेली नोंद तशीच राहिली होती. म्हणजे चोर केव्हाच पळाला होता, आणि विंडोज बिचारं रोज सकाळी हजेरी घेताना त्याचं नाव पुकारत होतं!

स्टार्ट, रन, 'एमएसकॉन्फिग', मग स्टार्टअप टॅब. तिथे कमांडच्या रकान्यात त्या फाइलचं नाव सापडलं. समोरची टिक काढली, रिस्टार्ट केलं. चौकोन आला नाही. टिक काढल्याने काहीच डिलीट होत नाही, चुकलं तर परत लावता येते. दोन वर्षांपूर्वीही बहुतेक एवढंच काम होतं. एका टिकचं!

मी बाबांना ते सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे. आता मी वहीतबी लिहितो."

मित्रांनो, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. आता स्टार्टअपची यादी टास्क मॅनेजरमध्ये मिळते. पण फाइल गेली आणि नोंद उरली, तर एरर आजही तशीच येते. म्हणून एरर आली की ओके दाबण्याआधी ती पूर्ण वाचा, फाइलचं नाव लिहून घ्या आणि स्टार्टअपच्या यादीत शोधा. आणि दुसऱ्याच्या मशीनला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारा, "यात तुमचं काय काय आहे?"

मी तो विचारला नव्हता.