तुळजापूरचा गोंधळ आणि दिल्लीच्या अकादमी

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी लग्नकार्य झाले. कुलस्वामिनी तुळजापूरची, तेव्हा नव्या जोडप्यास देवीच्या पायांवर घालून आणावयाचे ठरले आणि लहानथोर मिळून आम्ही अकरा माणसे सोलापुरावरून निघालो. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर अवघे ४५ किलोमीटरांचे. ज्वारीने भरलेले काळे रान मागे पडून बालाघाटाची चढण लागली, की दुपारच्या उन्हातही वाऱ्याचा स्पर्श निराळा लागतो. या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव शेवटच्या निजामावरून पडलेले; २०२३ साली ते जाऊन शासनदप्तरी धाराशिव हे नाव आले. आमच्या काकूंच्या तोंडी मात्र ते पूर्वीपासून धाराशिवच होते.

इतर देवस्थानी देवदर्शनास पायऱ्या चढून जावे लागते. येथे त्या उतरून जावे लागते. कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ यांचे पाणी मस्तकी घेऊन आम्ही गाभाऱ्यापाशी पोहोचलो. देवीची मूर्ती महिषासुरमर्दिनीची, अष्टभुजा आणि चल. नवरात्रापूर्वी तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवितात. ज्या गावी प्रत्यक्ष देवीलाही निद्रा आणि जागर आहेत, त्या गावी रात्र जागविण्याची कला उपजली व वाढली यात नवल ते काय?

त्या कलेचेच नाव गोंधळ. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन भेद आहेत. पहिले तुळजाभवानीचे, दुसरे माहूरच्या रेणुकेचे. रात्री आमच्या उपाध्यांच्या वाड्यात चौक भरला. पाटावर खण, त्यावर धान्याची रास, कलश, नारळ, भोवती उसाचे मखर, आणि बाजूस तेल पीत जळणारी दिवटी. गळ्यात कवड्यांची माळ घातलेले वृद्ध गोंधळी पुढे आले. मागे संबळावर त्यांचा मुलगा व तुणतुण्यावर आणखी एक जण. वृद्धाने नम्रपणे विचारले, "माय, रातभराचा मांडायचा, का घटकाभराचा?"

काकूंनी आमच्याकडे पाहिले. पहाटे नळदुर्गास निघावयाचे होते. आम्ही म्हणालो, "घटकाभराचाच होऊ द्या."

गणाने आरंभ झाला. मग आवाहन सुरू झाले. एकेका देवतेस तिच्या गावाच्या नावाने हाक मारून गोंधळास बोलावावयाचे, हा या विधीचा प्राण. संबळाच्या त्या दुहेरी नादात गावांमागून गावे येऊ लागली, आणि क्षणभर सारा महाराष्ट्र त्या वाड्याच्या चौकात येऊन बसला असे आम्हांस वाटले. पूर्वरंग आटोपून आख्यानास आरंभ होणार, इतक्यात आमच्यातील कोणी घड्याळ पाहिले. वृद्धाच्या ते लक्षात आले. त्यांनी मुलास खूण केली, संबळ थांबला, आणि आख्यान न होताच आरती झाली.

दक्षिणा देताना काकू म्हणाल्या, "बाबा, जांभूळ आख्यान मी लहानपणी माहेरी ऐकले होते. तुमच्या मुलास येते का?" वृद्ध जरा हसले. "त्याला वाजवाया येतं, माय. सांगाया येत न्हाई. पुरतं ऐकाया तरी कुठं मिळालं त्याला? समदे घटकाभराचाच सांगत्यात."

हे उत्तर आमच्या मनात रुतून बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नळदुर्गास गेलो. बोरी नदीचे पाणी अडवून बांधलेल्या धरणाच्या भिंतीच्या पोटातच येथे पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळते आणि आतल्या दालनात बसून ते पाहता येते. हे बांधकाम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतले. १५८० ते १६२७ एवढा काळ विजापूरच्या गादीवर बसलेला हा राजा स्वतः गीते रची. त्याच्या 'किताब-ए-नौरस' या दखनी ग्रंथात रागांच्या नावांखाली त्याची पदे असून त्यांत सरस्वतीचे व गणपतीचेही स्तवन आहे. पण १६८६ साली विजापूरचे राज्य बुडाले आणि तेथील कलावंतांचा तो आश्रय तुटला. दगडी भिंत राहिली; तिच्या आश्रयाने झालेली मैफल राहिली नाही.

आमचा पुतण्या महाविद्यालयात शिकतो. तो म्हणाला, "राजे गेले, पण त्यांच्या जागी दिल्लीस अकादमी आहेत ना?" त्याचे म्हणणे रास्त होते. संस्थाने विलीन झाल्यावर कलावंतांचे पोशिंदे नाहीसे झाले, आणि तो भार नव्या प्रजासत्ताकाने उचलावयाचा असे ठरले. संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन २८ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. १९५४ च्या मार्चमध्ये साहित्य अकादमी आणि ऑगस्टमध्ये ललित कला अकादमी स्थापन झाली. पुढे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने बांधलेल्या रवींद्र भवनात तिघींनाही जागा मिळाली.

या संस्थांचे ऋण थोडे नव्हे. संगीत नाटक अकादमीने जुन्या कलावंतांचे ध्वनिमुद्रण व चित्रण करून मोठा संग्रह सिद्ध केला. तिच्या पुरस्काराचे ताम्रपत्र आणि अंगवस्त्र थोर गवयास जसे मिळते, तसेच ते लोककलावंतासही मिळते. ज्याला आपण दारी आलेला मागता म्हणून ओळखत होतो, त्यास राष्ट्राने कलावंत म्हणून मान दिला, ही गोष्ट लहान नाही. तथापि पुरस्कार एकास मिळतो, आणि तोही बहुधा केस पिकल्यावर. रात्रभराच्या विधीची रंगमंचावर दहा मिनिटे होतात. तेथे चौक शोभेपुरता आणि दिवटी विजेची.

तिसऱ्या दिवशी तेरणाकाठच्या तेर गावी गेलो, तेव्हा हा विचार अधिक स्पष्ट झाला. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात येथून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या मालाचा उल्लेख आहे. येथील त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे, मागून अर्धवर्तुळाकार. ते मुळी बौद्ध चैत्य असावे, असे अनेक विद्वान मानतात. देव पालटला, पण दिवा लावणारे हात खंडले नाहीत, म्हणूनच ती वीट इतकी शतके उभी राहिली असे आम्हांस वाटले.

जवळच रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आहे. गावच्या या गृहस्थांनी शेतांत, पांढरीत सापडणारे मणी, नाणी आणि मातीच्या मूर्ती आयुष्यभर वेचल्या. तेरची प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. हा संग्रह पुढे शासनाकडे आला. अर्थात पहिला हात गृहस्थाचा. संस्था मागाहून आली. याच गावी गोरोबाकाकांची समाधी आहे. ज्या मातीच्या भांड्यांस आज कपाटाची काच लाभली, तशीच माती तुडवीत त्या कुंभाराने नामस्मरण केले.

माती कपाटात राहते. आख्यान कपाटात राहत नाही. त्याचे मुद्रण राहील, आणि ते राहिलेच पाहिजे, कारण उद्या विसरलेला शब्द तेथूनच परत मिळेल. परंतु वृद्धाच्या मुलाने आख्यान शिकावे यासाठी त्याला हवी असते पुरी रात्र, आणि ती रात्र देणे दिल्लीच्या हाती नाही. ती आमच्या ओसरीवर आहे. लग्ने आमच्या घरी होतात, मुंजी आमच्या घरी होतात, कुळाचार आमचा आहे. आणि घड्याळ पाहणारेही आम्हीच. अकादमीने काय केले हे विचारण्यापूर्वी आपण त्या रात्री काय केले, हे आठवून आम्हांस लाज वाटली.

परतीच्या वाटेवर काकूंनी पुन्हा तुळजापुरावरून गाडी नेवविली. वृद्ध गोंधळी पारावर बसले होते. काकू म्हणाल्या, "बाबा, वैशाखात नातवाची मुंज आहे. तुम्ही पुण्यास यायचे, मुलालाही आणायचे. रात्रभराचा मांडायचा, आणि जांभूळ आख्यान अथपासून इतिपर्यंत सांगायचे."

वृद्धाने मुलाकडे पाहिले. "ऐकलंस? तवर रोज थोडं थोडं शिकून घे," एवढेच ते म्हणाले.

वैशाखास अद्याप अवकाश आहे. घरातील भिंतीवरच्या पंचांगात त्या तिथीवर काकूंनी कुंकवाचे बोट लावून ठेविले आहे.