लोणीचा चहा

चहा पिण्यासाठी पुणे सोडून लोणी काळभोरला जाणाऱ्या माणसाकडे पुणेकर कोणत्या नजरेने पाहतो, हे वाचकांना सांगायला नको. पण कपातला चहा कुठून कुठून गोळा होतो हे पाहायचे, तर सोलापूर रस्त्यावरचे हे गाव मोठे सोयीचे.

चहाचे मळे मात्र येथे शोधू नयेत. त्या झाडाला आंबट जमीन आणि भरपूर पाऊस लागतो. पुण्याच्या पूर्वेला पाऊस बेताचा आणि काळी माती चुनखडीची. तेव्हा पत्ती आसामसारख्या दूरदेशीची. ती वगळली, तर बाकी सारे शिवारातलेच.

रस्त्याकडेला आता 'अमृततुल्य'च्या पाट्या दिसतात. हे बिरुद पुण्याचे. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी ते शहरात रुजवले. पितळी पातेले, कुटलेले आले-वेलदोडे, फडक्यातून गाळलेला दाट चहा. उत्तम असतो, पण त्यासाठी बसभाडे कशाला खर्चायचे?

लोणीचा म्हणावा असा चहा मिळाला कालव्याजवळच्या एका वस्तीवर, ओळखीच्या गृहस्थांच्या घरी. त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, "बसा की दादा, आधण ठेवलंय." न्हाणीच्या सांडपाण्यावर गवती चहाचे बेट माजले होते. चार पाती विळ्याने कापून, त्यांची गाठ मारून त्यांनी आधणात सोडली. मग चिमूटभर पत्ती. गूळ घातला तो पातेले उतरवल्यावर, आणि दूध वेगळे तापवून अगदी शेवटी.

"गूळ घालून दूध उकळलं की फाटलंच म्हणून समजा," आजी म्हणाल्या. गुळात आंबटपणाचा अंश असतो, त्याची ही करामत. ऊस आणि गवती चहा दोघेही गवताच्याच कुळातले. ते चुलतभाऊ या पातेल्यात गुण्यागोविंदाने नांदतात, दूध तेवढे रुसते.

गूळ घरचाच ना, असे मी सहज विचारले.

"कुठला घरचा! दौंडकडच्या गुऱ्हाळातला. साखर होती म्हणा घरची."

म्हणजे थेऊरच्या यशवंत सहकारी कारखान्याची. चिंतामणीचे थेऊर येथून हाकेच्या अंतरावर. सभासदाची साखर पोत्याने घरी यायची, तेव्हा आल्यागेल्याला चहा विचारताना डब्यात डोकवावे लागत नसे. २०११ साली कारखाना बंद पडला. ऊस बाहेरच्या कारखान्यांना जाऊ लागला आणि साखर दुकानातून किलोने येऊ लागली. "दारात ऊस अन् साखरेला दुकान," आजी बशी पुढे सरकवत म्हणाल्या. त्यात राग नव्हता, हिशेब होता. बांधापलीकडे ऊस होता तिथे आता प्लॉट पाडल्याच्या खुणा, चुन्याने आखलेल्या.

निघताना त्यांनी गवती चहाचा एक ठोंब मुळासकट उपटून ओल्या गोणपाटात गुंडाळून दिला. "न्हाणीपाशी लावा, पाणी घालावं लागत नाही."

आमच्या तिसऱ्या मजल्यावर न्हाणीचे पाणी थेट नळीत जाते. तूर्त एक फुटकी बादली शोधली आहे.