लिंबावरचं 'बांडगूळ'

मुरुड, जि. लातूर

चि. अनघास,


मामीने पाठवलेला फोटो बघून तू दोन गोष्टी विचारल्यास: वसरीसमोर टांगलेलं हे फूल कशाचं, आणि त्याचं एखादं रोप सिंगापूरला पाठवता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही पाठवता येत. हे ऑर्किड आहे, आणि ऑर्किडचं अख्खं कूळ सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. परवान्याशिवाय झाड सरहद्द ओलांडत नाही, आणि रानातून काढलेलं तर मुळीच नाही. कुरियरवाल्याची नजर चुकवून पाकिटात घालून पाठवावं असं तुझ्या मामीचं मत आहे, ते तू मनावर घेऊ नकोस.

आता पहिला प्रश्न. आपल्या रानाच्या बांधावरचा जुना लिंब तुला आठवत असेल, ज्याच्या सावलीला सालगड्यांची न्याहारी व्हायची. तो वळवाच्या वादळात आडवा झाला. फांद्या तोडायला आलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "गुरुजी, याला बांडगूळ लागलं होतं, पडणारच की." आणि शेंड्याकडच्या फांदीवरचा हिरवा झुपका त्याने कोयत्याच्या टोकाने मला दाखवला. मी तो सालीसकट उतरवून घरी आणला. आपल्याकडे फांदीवर काहीही परकं दिसलं की ते बांडगूळ, त्यामुळे त्या गड्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण या एका नावापायी निरपराध झाडाचाही घात होतो.

खरं बांडगूळ तू आमराईत पाहिलं आहेस. लालसर, नळीसारखी फुलं येतात. फुलटोच्या त्याची फळं खातो आणि चिकट बी फांदीला पुसून जातो. ते रुजलं की आंब्याच्या लाकडात घुसतं, त्या जागी फांदीला गाठ येते आणि पुढची फांदी वाळत जाते. तुझे आजोबा होळीच्या आधी माणूस लावून बांडगुळं गाठीच्या खालून कापून काढायचे, ते योग्यच होतं. या लिंबावरच्या झुपक्याला मात्र फांदीवर गाठ नव्हती. बोटाएवढी जाड, राखाडी मुळं सालीवरून नुसती पसरलेली. एक मूळ नखाने उचकटलं तर सालीचा पापुद्रा सोबत आला, खाली लाकूड जसंच्या तसं. म्हणजे याने लिंबाकडून पाणी घेतलं नव्हतं, की अन्न. फक्त उंचावर बसायला जागा घेतली होती.

नाव कळायला फूल येईपर्यंत थांबावं लागलं. पानं लांब, जाड, पन्हळीसारखी दुमडलेली, दोन्ही बाजूंना एकाआड एक रचलेली, आणि टोकाशी निमुळती होण्याऐवजी वेडीवाकडी कापलेली. कोल्हापूरकडचे आपले व्याही आले तेव्हा बघताक्षणी म्हणाले, ही सीतेची वेणी. घाटात ती भरपूर, आणि पानंही बरीचशी अशीच. पण सीतेच्या वेणीचा तुरा खाली लोंबतो, त्यात पांढऱ्या-गुलाबी ठिपक्यांची शेकडो फुलं दाटीने असतात. आसामात बिहूला मुली केसांत माळतात तीच ती. आमच्याकडे वैशाखात दांडा वर निघाला, त्यावर मोजकी फुलं आली. पाकळ्या पिवळट-हिरव्या, त्यांवर तपकिरी रेघांची जाळी, मागची बाजू स्वच्छ पांढरी, आणि मधला ओठ गर्द जांभळा. वास गोड. सीतेची वेणी बाद झाली. हे होतं व्हँडा टेसेलाटा.

हे झाड दुर्मीळ आहे असं समजू नकोस. श्रीलंकेपासून ब्रह्मदेशापर्यंत ते आहे. विल्यम रॉक्सबर्ग या वैद्याने ते कोरोमंडल किनाऱ्यावर पाहून 1795 साली चित्रासकट छापलं. आपल्या भागाच्या वनस्पतींवर व्ही. एन. नाईक सरांनी मोठं काम केलं. 1979 साली त्यांचं उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक निघालं तेव्हा लातूर हा वेगळा जिल्हाच नव्हता, उस्मानाबादचाच भाग होता; तो वेगळा झाला 1982 साली. मुद्दा असा की ऑर्किड म्हटलं की लोक आंबोली-महाबळेश्वरकडे बघतात. आपल्याकडे जंगल नावालाच, पण हे झाड बांधावरच्या लिंबा-बाभळीवरही भागवतं.

ते कसं भागवतं हे मला जास्त नवलाचं वाटतं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते तू बातम्यांत पाहिलं असशील. त्या उन्हाळ्यात हा झुपका लिंबावरच होता, पाणी घालायला कोणी नाही. त्याच्या मुळांवर मेलेल्या पोकळ पेशींचा जाड थर असतो. पावसाचा शिडकावा किंवा पहाटेचं दव तो टिपतो आणि आत पोचवतो. पानांवरची रंध्रं दिवसा मिटलेली असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती रात्री घेतात आणि साठवून दिवसा उन्हात वापरतात, म्हणून ऐन उन्हात पाणी उडून जात नाही.

म्हणूनच याला कुंडीत माती घालून लावणं म्हणजे कुजवणं. मी बाभळीच्या ओंडक्यावर सुतळीने बांधलं. मुळांनी ओंडका धरला की सुतळी काढून टाकली. सकाळचं ऊन मिळेल आणि वारा खेळेल अशा जागी टांगलं. पाणी घालताना मुळांकडे बघायचं: कोरडी असतात तेव्हा रुपेरी, भिजली की हिरवी होतात, तेवढ्यावर थांबायचं. आपलं बोअरचं पाणी जड, मुळांवर पांढरा थर धरतो, म्हणून पन्हाळीखाली पिंप ठेवून पावसाचं पाणी साठवतो. मामी म्हणते, घरात माणसांना बोअरचं आणि झाडाला पावसाचं! हल्ली एका ओळखीच्या वैद्यांचा डोळा मुळांवर आहे, कारण बंगालात रास्ना म्हणून हीच मुळं विकली जातात. मी त्यांना चहा पाजून परत पाठवतो.

बी मात्र माझ्या आवाक्याबाहेरचं. एका शेंगेत लाखो बिया, पण धुळीइतक्या बारीक, पोटात अन्नाचा कण नाही. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच रानात एखादी रुजते. 1922 साली अमेरिकेत लुइस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर, बुरशीशिवाय, ऑर्किडचं बी रुजवून दाखवलं. तीच रीत घेऊन 1928 पासून तुमच्या सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये एरिक हॉल्टम यांनी संकर करायला सुरुवात केली. तुमचं 1981 पासूनचं राष्ट्रीय फूल, मिस जोकिम, त्याच्याही आधीचं, 1893 चं. तेही व्हँडा म्हणूनच प्रसिद्ध झालं, आता शास्त्रज्ञांनी त्याला वेगळ्या गटात घातलं आहे.

तेव्हा रोप मागवत बसू नकोस. तिथल्या नर्सरीत 'व्हँडा मिमी पामर' माग. तान चाय यान नावाच्या व्हँडाशी आपल्या या टेसेलाटाचा संकर करून ती झाली आहे. वासासाठी नावाजलेली आहे, आणि तो वास आपल्याकडून गेलेला. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत, कोळशाच्या मोठ्या तुकड्यांवर लाव, माती नको. तुझी बाल्कनी पूर्वेची आहे असं तुझ्या आईने सांगितलं, मग अडचण नाही. तिथली हवा दमट, त्यामुळे संध्याकाळी पाणी घालू नकोस, शेंड्यात पाणी साचलं की कूज लागते.

दिवाळीला येशील तेव्हा हौसेने ते झाड सोबत आणू नकोस, इकडे येतानाही तेच कागद लागतात. मामीसाठी टायगर बामच्या बाटल्या आण, गुडघे फार धरलेत तिचे.

तुझा,
मामा