दहावीच्या शिदोरीवर इंग्रजी अलंकार

माजिवडा, ठाणे (पश्चिम)



बारावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत कवितेखाली ‘फिगर ऑफ स्पीच’चा प्रश्न ठरलेला असतो. ओळ दिलेली असते, अलंकाराचे नाव लिहायचे आणि तो तिथे कसा आहे ते सांगायचे. गुण दोन. पुढे कवितेच्या रसग्रहणाला चार गुण असतात आणि तिथेही भाषेतल्या खुबींना जागा द्यावी लागते. बहुतेक उत्तरपत्रिका नावापाशी थांबतात. ‘लाइक’ दिसला की सिमिली, एकाच अक्षराचे चार शब्द दिसले की ॲलिटरेशन, अशी खुणेवरून ओळखायची सवय गाइडांनी लावली आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांकडे खरे तर याहून चांगली शिदोरी असते: दहावीपर्यंत शिकलेले उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती हे अलंकार. ती शिदोरी कुठवर पुरते आणि कुठे संपते, एवढे कळले तरी अर्धे काम होते.

सिमिली म्हणजे उपमा, हे समीकरण पक्के आहे. आपल्याकडे उपमेची चार अंगे सांगतात: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. चारही हजर असतील तर पूर्णोपमा, एखादे गळले तर लुप्तोपमा. इंग्रजी समीक्षेत पहिल्या दोन अंगांना आय. ए. रिचर्ड्स यांनी 1936 मध्ये टेनर आणि व्हेइकल अशी नावे दिली. शालेय इंग्रजीत तीही शिकवत नाहीत. म्हणून इंग्रजी ओळ समोर आली तरी आपली चार अंगे शोधणे अधिक फायद्याचे ठरते.

बारावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही कविता आहे. ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ या त्यांच्या 1980च्या संग्रहातली. चित्रे मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहीत. तुकारामांच्या अभंगांचा ‘सेज तुका’ हा इंग्रजी अनुवाद त्यांचाच. कवितेतला बाप रात्रीच्या लोकलने घरी येतो: भिजलेले कपडे, चिखलाचे डाग पडलेला रेनकोट, पुस्तकांनी फाटायला आलेली पिशवी. ठाण्या-डोंबिवलीच्या कुठल्याही फलाटावर पावसाळ्यात हा माणूस दिसतो. तो गाडीतून उतरतो तेव्हा कवी त्याला लांब वाक्यातून गळून पडलेल्या शब्दाची उपमा देतो. उपमेय बाप, उपमान शब्द, साम्यवाचक ‘लाइक’. साधारण धर्म मात्र लिहिलेलाच नाही. म्हणजे ही लुप्तोपमा, आणि गळलेले अंग वाचकाने भरायचे आहे. एक शब्द गळला तरी वाक्य पुढे जाते, तसा हा उतरला तरी गाडी पुढे जाते. डब्यातल्या कुणाच्या ते लक्षातही येत नाही. शिवाय बाप शब्द झाला की गाडी आपोआप वाक्य होते. ही दुसरी तुलना न सांगता आत शिरलेली आहे. प्रश्नाचा दुसरा गुण या भरलेल्या जागेचा असतो. ‘बापाची तुलना शब्दाशी केली आहे’ एवढ्यावर तो मिळू नये, असे कुणाही चांगल्या शिक्षकाला वाटेल.

बायरनच्या ‘शी वॉक्स इन ब्यूटी’मध्ये उपमान निवडण्यातच गंमत आहे. सौंदर्याला दिवसाची, सूर्याची उपमा देणे सोपे होते. बायरनने रात्र घेतली, तीही निरभ्र, चांदण्यांची. 1814 मध्ये एका समारंभात त्याने नात्यातली एक स्त्री काळ्या, चमकदार टिकल्यांच्या पोशाखात पाहिली आणि त्यावरून ही कविता सुचली, असे सांगतात.

शिदोरी इथून पुढे जरा कमी पडू लागते. ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’ आले की मराठीच्या पेपरात उत्प्रेक्षा लिहावी लागते. इंग्रजीत तिला वेगळे घर नाही. ‘ॲज इफ’ची तुलना सिमिलीतच जमा होते. उलट मेटाफरचे घर आपल्या रूपकापेक्षा मोठे आहे. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही समोर असतात आणि ती एकच आहेत असे म्हटलेले असते. इंग्रजीत मात्र उपमेय पूर्ण गायब असले तरी मेटाफरच, आणि तुलना नुसत्या क्रियापदात लपली असली तरीही मेटाफरच. ‘राग उसळला’ या साध्या वाक्यात रागाचे पाणी किंवा दूध झालेले असते. शाळेत आपण त्याला अलंकार म्हणत नाही, इंग्रजी परीक्षक बेलाशक म्हणेल.

पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. मामंग दाई यांच्या ‘स्मॉल टाउन्स अँड रिव्हर्स’मध्ये नदीला आत्मा आहे, तिला कळते. समोर नसलेल्या माणसाला किंवा निर्जीव वस्तूला उद्देशून बोलले की अपॉस्ट्रफी. दोन्ही एकाच ओळीत असू शकतात आणि तशी असली तर दोन्ही लिहावीत.

सर्वांत जास्त गोंधळ मेटॉनिमी आणि सिनेकडकी या जोडीचा. दहावीच्या अलंकारांत यांचा जोडीदार नाही, म्हणून मुले त्यांना परके समजतात. खरा जोडीदार व्याकरणाच्या पुस्तकात दुसऱ्याच प्रकरणात बसला आहे: शब्दशक्तीतली लक्षणा. मूळ अर्थ घेतला तर वाक्य वेडगळ ठरते, म्हणून त्याला लागून असलेला अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. आणि मेटॉनिमीचा पाया हाच आहे. माजिवड्याचा नाका संध्याकाळी ‘तुंबतो’. नाका तुंबत नसतो. नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे एकत्र येतात तिथल्या गाड्या तुंबतात. ‘मंत्रालयाने हात वर केले’ म्हणजे इमारतीने नव्हे. मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या एखाद्याच्या विक्षिप्तपणावर ‘याला ठाण्याला न्या’ म्हणत आले; 1901 पासून इथे असलेल्या मनोरुग्णालयाऐवजी गावाचेच नाव. थट्टा निर्दय आहे आणि ठाणेकरांना ती कधी आवडली नाही, पण मेटॉनिमीचा याहून चोख नमुना शोधून सापडायचा नाही. पुणेकरांच्या तोंडी येरवडा तर दोन अर्थांनी असतो, मनोरुग्णालय आणि तुरुंग, आणि कुठला घ्यायचा ते संदर्भावरून ठरते.

सिनेकडकीत नाते आणखी जवळचे: अंशावरून पूर्ण किंवा पूर्णावरून अंश. ‘खाणारी तोंडे सहा आणि कमावणारे हात दोन’ हे वाक्य मराठी घरांत रोज म्हटले जाते. तोंड माणसाचाच भाग आहे, म्हणून सिनेकडकी. मंत्रालय मंत्र्यांचा भाग नाही, म्हणून मेटॉनिमी. पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली, हे लक्षणेचे नेहमीचे उदाहरण. बांगडी हातातली वस्तू, हाताचा भाग नव्हे. फुटलेली बांगडी म्हणजे नवरा गेलेली बाई आणि तिच्यावरून मेलेला शिपाई, अशा दोन पायऱ्या, दोन्ही मेटॉनिमीच्या.

त्याच पानिपताने लांबलेल्या मेटाफरचाही धडा दिला आहे. जानेवारी 1761 मध्ये उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकाराचे पत्र पडले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यात युद्ध हा शब्दच नव्हता. दोन मोती गेल्याचा, काही मोहरा हरवल्याचा आणि रुपये-खुर्द्याची मोजदादच नसल्याचा हिशेब होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई. सगळी उपमाने पेढीवरची आहेत आणि त्यांचा उतरता क्रमही पेढीचाच आहे. एक तुलना धरली की शेवटपर्यंत तीच चालवायची, याला एक्स्टेंडेड मेटाफर म्हणतात. बातमी वाटेत फुटू नये म्हणून ती अशी गुंडाळली असावी. क्रूर गोष्ट सौम्य शब्दांत सांगणे हा युफेमिझमही त्यात आहेच.

विरोधाचे अलंकार आपल्या विरोधाभासात एकत्र नांदतात. इंग्रजीने त्यांचे तीन वाटे केले. दोन विरुद्ध कल्पना समोरासमोर मांडल्या की अँटिथिसिस. विरुद्ध अर्थाचे दोन शब्द एकमेकांना जोडले, जसे ‘बोलके मौन’, की ऑक्सिमोरॉन. अख्खे विधानच वरवर खोटे आणि आतून खरे असले की पॅरडॉक्स. डब्ल्यू. एच. डेव्हिस यांच्या ‘मनी’ या कवितेत पैसेवाल्याचे दार मित्र सतत ठोठावतात आणि खरा मित्र मात्र गरिबीतच भेटतो. डेव्हिस स्वतः कित्येक वर्षे भटक्याचे आयुष्य जगले होते; 1908चे त्यांचे आत्मचरित्र त्याबद्दलच आहे. हे ठाऊक असले तर पॅरडॉक्स नुसता कल्पनेचा खेळ वाटत नाही.

आयरनीला मात्र सवड द्यायला हवी. उशिरा आलेल्याला ‘काय वेळेवर आलात!’ म्हणणे ही बोलण्यातली, व्हर्बल आयरनी. आपली व्याजस्तुती तिच्या शेजारची. प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला अज्ञात, अशी स्थिती म्हणजे ड्रॅमॅटिक आयरनी. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये फाल्गुनरावाचा संशय बिनबुडाचा आहे, हे सगळ्या प्रेक्षागृहाला माहीत असते, त्यालाच तेवढे नसते. तिसरी सिच्युएशनल. रॉबर्ट सदी यांच्या ‘द इंचकेप रॉक’मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली दडलेल्या खडकावर एक मठाधिपती घंटा बांधतो. राल्फ नावाचा चाचा मठाधिपतीच्या चांगल्या नावावर जळून ती तोडतो. पुढे लुटीने लादलेले जहाज घेऊन तोच धुक्यात परततो, घंटेसाठी कान टवकारतो आणि त्याच खडकावर फुटतो. केल्याचे फळ मिळाले एवढेच असते तर तो न्याय झाला असता. ज्या गोष्टीने वाचायचे तीच त्याने स्वतःच्या हाताने बुडवली, यात आयरनी आहे. उत्तरात ‘स्वतःच्या हाताने’ हा मुद्दा यायलाच हवा. हा खडक खरा आहे. 1811 पासून त्यावर रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बांधलेले दीपगृह उभे आहे.

ध्वनीच्या अलंकारांत फसगत लिपीमुळे होते. ॲलिटरेशन कानाने ओळखायचे असते, डोळ्यांनी नव्हे. ‘नाइट’ म्हणजे सरदार आणि ‘किंग’ हे दोन्ही शब्द इंग्रजीत के या अक्षराने लिहितात, पण त्यांच्यात ॲलिटरेशन नाही. ‘फोन’ आणि ‘फायर’ यांची पहिली अक्षरे वेगळी, तरी आहे. शंका आली की ओळ कच्च्या कागदावर देवनागरीत लिहून काढावी, अनुप्रास लगेच दिसतो. ऑनोमॅटोपियात मराठी श्रीमंत आहे: खळखळ, टपटप, कडकड. पण लखलख आणि चकचक यांना आवाज नाही, ते प्रकाशाचे शब्द. इंग्रजी व्याख्येत ते बसणार नाहीत. यमक हा आपल्याकडे शब्दालंकार. इंग्रजीत राइमला फिगर ऑफ स्पीचच्या प्रश्नात जागा नाही. त्याची राइम स्कीम वेगळी मांडतात.

कर्ता-क्रियापदाची अदलाबदल म्हणजे इन्व्हर्जन. शब्द मुद्दाम पुन्हा आणला की रेपिटिशन. तीच गोष्ट दोन निराळ्या शब्दांत सांगितली की टॉटॉलॉजी. यात समजून घेण्यासारखे फार नाही, ओळ नीट वाचली की झाले.

रसग्रहणात अलंकारांपलीकडचे शब्दही लागतात: इमेजरी, सिम्बल, टोन. सरोजिनी नायडूंच्या ‘इंडियन वीव्हर्स’मध्ये विणकर सकाळी बाळाचे कपडे विणतात, संध्याकाळी लग्नाचे आणि रात्री कफन. कापडाच्या रंगाला दिलेल्या उपमा सिमिली आहेत. विणणे, दिवसाचे तीन प्रहर आणि बदलते रंग ही आयुष्याची प्रतीके म्हणून सिम्बल. आणि पहिल्या कडव्यातला उल्हास तिसऱ्यात गार पडतो तो टोनमधला बदल. राइम स्कीम एएबीबी. वॉल्ट व्हिटमन यांच्या ‘साँग ऑफ द ओपन रोड’ला मात्र राइम स्कीम विचारली तर उत्तर ‘फ्री व्हर्स’ असे द्यावे. तिथे लय येते ती सारख्या बांधणीच्या ओळी एकामागून एक आल्यामुळे.



तुझा
मामा