काळीच्या पाण्यावर एक दिवस

बेळगावच्या मराठी कुटुंबांच्या सहलीच्या वाटा ठरलेल्या आहेत. आंबोली, गोकाकचा धबधबा, फार तर गोव्याचा समुद्र. तेथे जाऊन आपण पाणी पाहतो, पाण्यापासून बेताच्या अंतरावर सतरंजी अंथरतो, दशम्या नि शेंगदाण्याची चटणी संपवतो आणि दिवेलागणीला घरी परततो. पाण्यात उतरणे आपल्या सहलीच्या व्याख्येत बसत नाही. म्हणूनच आमच्या शाळेतील एका तरुण शिक्षकाने, 'यंदा सकाळी जंगल चालायचे आणि दुपारी काळी नदीत होडी वल्हवायची, तीही स्वतःच्या हाताने,' असा प्रस्ताव मांडला तेव्हा प्रथम हशा पिकला. मग यादी झाली, आणि पाहता पाहता तीत अकरा नावे भरली.

अकरांतील सर्वांत धाकटी सातवीतील एक मुलगी, आणि सर्वांत ज्येष्ठ आमच्या आत्याबाई, वय वर्षे शहात्तर. आत्याबाईंना ना जंगलाची हौस, ना होडीची. आमचे आजोबा १९५४ पासून चार वर्षे सुप्याला एका लाकडाच्या वखारीवर कारकून होते. थोरला मुलगा, म्हणजे आमचे वडील, शिक्षणासाठी बेळगावात राहिले. धाकटी आत्या मात्र आईवडिलांबरोबर सुप्यास होती. गणेशगुडीला जायचे ठरले आहे एवढे तिच्या कानी पडताच तिने विचारले, "तिथनं सुपा दिसेल का रे?"

"आत्या, सुपा आता धरणाच्या पोटात आहे."

"ठाऊक आहे मला. पाणी तरी दिसेल ना?"

यावर काय बोलणार? तिचे नाव यादीत चढले.

डिसेंबर २०२४ मधील एका रविवारी पहाटे पाच वाजता आम्ही निघालो. खानापूरला मलप्रभेचा पूल ओलांडताना तांबडे फुटत होते. आमच्या या सीमाभागाची एक गंमत भूगोलाच्या तासाला आम्ही नेहमी सांगतो. खानापूर तालुक्यात उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळून कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते. एकाच घरच्या दोन लेकी दोन दिशांना दिलेल्या! काळी ही तिसरी, पण ती शेजारच्या घरची. जोयडा तालुक्यात जन्मते, कारवारजवळ समुद्राला मिळते, आणि सुमारे १८४ किलोमीटरचा सारा संसार एका उत्तर कन्नड जिल्ह्यातच करते. लोंढा, रामनगर मागे टाकून, नव्वदएक किलोमीटरचा पल्ला संपवून आम्ही गणेशगुडीस पोचलो तेव्हा धुके झाडांच्या कमरेपर्यंत उतरले होते.

आमचा वाटाड्या तेथे उभा होता. वय पंचविशीचे, अंगाने सडपातळ, घरी कोकणी बोलणारा कुणबी. आमच्या गाडीवानाशी तो कन्नडात बोलला, फोनवर घरच्यांशी कोकणीत, आणि आमच्याकडे वळून कोकणी हेल असलेल्या स्वच्छ मराठीत म्हणाला, "गुरुजी, नमस्कार. आजी पण चालणार?" आजींनी परस्पर उत्तर दिले, "आजी बसणार. तुम्ही चाला." तिला पडवीत खुर्ची मिळाली, हाती चहा मिळाला, आणि आम्ही निघालो.

या अरण्याचा थोडा इतिहास सांगावयास हवा. दांडेली अभयारण्य १९५६ चे. अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. दोन्ही मिळून २००७ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला नदीचेच नाव मिळाले. अशा रानात आपल्या मनाने कोठेही शिरता येत नाही. नेमून दिलेली वाट, नेमून दिलेला माणूस आणि ठरलेली वेळ, या तीन मर्यादा. आमची वाट सहा किलोमीटरांची होती.

वाटाड्याने आरंभीच नियम सांगितले. एकामागे एक चालायचे, अत्तर लावलेल्यांनी हात धुवायचे, बोलणे हळू. पण वाटेच्या प्रत्येक वळणावर तो स्वतःच मोठ्याने टाळी वाजवी. इतरांना गप्प करून हा स्वतः गोंगाट का करतो, असे कोणी विचारले. तो म्हणाला, "पाखरांसाठी गप्प राहायचं, अस्वलासाठी आवाज करायचा." अस्वलाची नजर अधू, खाण्यात गुंग असताना माणूस अवचित समोर आला की ते घाबरून अंगावर येते. आधी चाहूल लागली तर आपणहून बाजूस होते. पुढे त्याने एक वारूळ दाखवले. त्याला नुकतेच मोठे भगदाड पडले होते आणि कडेच्या मातीत नखांच्या रेघा ओल्या होत्या. त्यानंतरच्या वळणांवर सर्वांनीच टाळ्या वाजवल्या!

ऐनाचे झाड आम्ही शब्दाने ओळखत होतो. त्या दिवशी सालीने ओळखले. मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी भेगाळलेली साल. काही ऐनांच्या खोडावर फुगवटे असतात आणि त्यांत पाणी साठलेले असते. उन्हाळ्यात रानातल्या जुन्या माणसांनी त्यावर तहान भागवली आहे. वाटाड्याने फुगवटा बोटाने वाजवून दाखवला, कोयता मात्र लावला नाही. "आता आपल्याकडे बाटल्या आहेत," एवढेच म्हणाला. त्याला प्रत्येक झाडाची दोन-तीन नावे येत. ऐन म्हणजे कन्नडात मत्ती. आम्ही ज्याला किंजळ म्हणतो त्याला तो किंदळ म्हणे. तांबड्या मुंग्यांनी पाने शिवून केलेले घरटे दिसताच त्याने सांगितले की या भागात त्यांची चटणी करतात. सातवीतल्या मुलीने नाक मुरडले. "खोकल्याला बरी," असे त्याने तिला समजावले. तिला ते पटल्याचे दिसले नाही.

शेकरू दिसली, उंच फांदीवरून फांदीवर तिची झेप आणि मागे तरंगणारी झुपकेदार शेपटी. आणि मग, एका उंबरावर, धनेश. दांडेलीचे रान ज्यासाठी पक्षिवेड्यांत ख्यात आहे तो मलबारी कवड्या धनेश, चोचीवर पिवळेकाळे शिंग मिरवणारा. तो उडाला तेव्हा पंखांचा आवाज डोक्यावरून गेला. याच्या संसाराची रीत वाटाड्याने जी सांगितली ती ऐकून बायकामंडळी थांबल्या. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड विष्ठा वगैरेंनी लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. एक अरुंद फट तेवढी उरते. पुढे कित्येक आठवडे नराने त्या फटीतून फळे भरवायची. नर मारला गेला तर आतल्या साऱ्या कुटुंबाचे अवघड होते. "आणि जुनी ढोलीची झाडं तोडली तर?" मुलीने विचारले. "तर संसारच नाही," तो म्हणाला. सागाच्या सरळ रांगा लावल्या म्हणजे जंगल झाले असे मानणाऱ्यांनी हे उत्तर ऐकण्याजोगे आहे.

साडेदहाला परतून न्याहारी केली आणि नदीकडे वळलो.

कयाक ही मूळ उत्तर ध्रुवाकडील लोकांची होडी. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली, शिकारीसाठी. आमच्या वाट्यास आली ती प्लॅस्टिकची, दोघांनी बसावयाची, उघडी. तिचे वल्हे दोन्ही टोकांस पाते असलेले. काठावरच अर्धा तास शिकवणी झाली, आणि एक शिक्षक म्हणून सांगतो, उत्तम झाली. वल्हे खांद्यांहून थोडे रुंद धरावे. जोर हाताचा नव्हे, कमरेपासून वळणाऱ्या धडाचा. उजवीकडे मारले की होडी डावीकडे वळते. बसावे खाली आणि सैल. उभे राहिला तो पडला. तरंगते जाकीट इतके आवळावे की खांद्याशी धरून वर ओढले तरी हनुवटीस लागू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे: वाहत्या पाण्यात पडल्यास उभे राहण्याची धडपड करू नये. तळच्या दगडांत पाऊल अडकते आणि वरचे पाणी माणसाला वाकवून टाकते. पाठीवर उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटे पाण्यावर. हे त्याने प्रत्येकाकडून जमिनीवर आडवे करून वदवून घेतले. पोहणारे आणि न पोहणारे असा भेद नव्हता. कोणी दांडेलीजवळच्या मगरींची आठवण काढली. त्याने हसण्यावारी नेले नाही. "तिकडं आहेत. तिकडं आपण उतरत नाही."

दुहेरी कयाकचा एक नियम आम्हांस फार मार्मिक वाटला. पुढे बसणारा ताल ठरवतो, मागच्याने तो पाळायचा. दिशा मात्र मागच्याच्या हाती. आमच्या पुढे ती सातवीतली मुलगी बसली. "सर, एक... दोन... एक... दोन," असे ती मोजू लागली, आणि तीस वर्षे वर्गाला ताल देणारे आम्ही निमूटपणे तिच्या मोजणीवर वल्हे मारू लागलो. पहिली दहा मिनिटे होडी स्वतःभोवती फिरली. मग काही जुळले आणि ती सरळ निघाली. शेजारी इतिहासाचे शिक्षक आणि त्यांच्या सौभाग्यवती 'तुम्ही उजवे मारा', 'मी उजवेच मारतो आहे' असा संवाद करीत झुडपात गेले. ते पडलेही, उताणे झाले, पाय पुढे केले, आणि शिकवल्याप्रमाणे तरंगत काठाला लागले. टाळ्या पडल्या. पाणी भर दुपारीही गार होते.

एका खडकामागच्या निवांत पाण्यात होड्या थांबवून वाटाड्याने पाणी वाचायला शिकवले. दोन खडकांमधून गुळगुळीत जीभ पुढे निघते ती वाट. जेथे पाणी घुमटासारखे फुगते तेथे खाली दगड. पण त्याचे एक लक्ष सतत काठच्या एका दगडावर होते. त्यावर पाण्याची ओली रेघ होती. "ती रेघ वर चढली की सगळे काठाला," हे त्याने आधीच बजावले होते.

येथे धरणाविषयी सांगणे भाग आहे. गणेशगुडीच्या वरच्या अंगाला सुप्याचे धरण आहे, १०१ मीटर उंचीचे; ऐंशीच्या दशकात त्याचे काम पुरे झाले. पायथ्याच्या वीजकेंद्राची क्षमता १०० मेगावॉट. खाली नदीत किती पाणी, हे आता पाऊस थेट ठरवीत नाही. वर यंत्रे चालू झाली की नदी भरते, थांबली की दगड उघडे पडतात. त्या दिवशी दोन वाजता पाणी सुटणार असा निरोप वाटाड्याला फोनवर आला होता. पावणेदोनला आम्ही सारे काठावर होतो. थोड्या वेळाने रेघ बुडाली, मग दगड बुडाला. आवाज बदलला. ज्या कुंडात आम्ही गोल फिरत होतो ते ओळखू येईना. आकाशात ढग नव्हता.

आत्याबाई काठाशी येऊन बसल्या होत्या. "आमच्या वेळी पाणी असं सांगून येत नसे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वाटाड्याला सुप्याचे सांगितले. तेथे काळी नि पांढरी या दोन नद्यांचा संगम होता, गाव त्याच्या काठी; तालुक्याचे ठाणे, १९५६ पर्यंत मुंबई राज्यात. लाकूड भरलेल्या गाड्या, आठवड्याचा बाजार, पावसात महिनोन्महिने न वाळणारे कपडे. तो वल्हे पुसत ऐकत होता. मग म्हणाला, "आजी, आमचं घर पण खालीच आहे." त्याच्या आजोबांची भातशेती बुडाली, सुप्याकडच्या अनेक कुटुंबांप्रमाणे त्यांचेही पुनर्वसन रामनगरला झाले. तो स्वतः पुढे जन्मला. गाव त्याने पाहिलेले नाही. "आजोबा म्हणायचे, या पाण्यानं आपलं घेतलं. आता मला पगार हेच पाणी देतं." तो हे तक्रारीने म्हणाला नाही आणि कौतुकानेही नाही. आम्ही त्यात भर घातली नाही.

या नदीवर होडीतून जाण्याची हौस जुनी आहे. सत्येंद्रनाथ टागोर कारवारला न्यायाधीश असताना, १८८३ च्या सुमारास, धाकटे रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहिले होते. मुखापासून काळीतून होडीने वर गेल्याची हकीकत त्यांनी 'जीवनस्मृती'त लिहून ठेवली आहे. तेव्हाची नदी आपल्या मर्जीने भरत असे.

तिसऱ्या प्रहरी, पाणी एका पातळीवर स्थिर झाल्यावर, वाटाड्याने ज्यांना हिंमत होती त्यांना आपल्या सोबत्यांच्या पहाऱ्यात थोड्या सौम्य प्रवाहातून खाली नेले. आम्ही गेलो. ते जेमतेम सात-आठ मिनिटांचे होते. जिभेच्या टोकाला होडी क्षणभर थांबल्यासारखी झाली, पुढची मुलगी "एक!" म्हणून ओरडली, आणि नंतरचे आम्हांस सलग आठवत नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. पावसाळ्यात जळवा नि पूर, दोन्हींचा त्रास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जाकीट नि शिरस्त्राण न देणाऱ्या, किंवा होडीत माणसे जास्त भरणाऱ्या कोणाकडे पैसे कितीही कमी असले तरी जाऊ नये. पाणी केव्हा सुटणार हे वाटाड्याला स्पष्ट विचारावे. त्याला ठाऊक नसेल तर काठावर बसून दशम्या खाव्यात.

वाटाड्याची पाळी संपली होती. रामनगरपर्यंत त्याला गाडीत घेतले. उतरताना त्याने चहाचा आग्रह धरला. घरात त्याच्या आजी होत्या, आत्याबाईंहून चारपाच वर्षांनी मोठ्या. सुप्याचे नाव निघताच दोघी एका बाकावर बसल्या. एक मराठीत बोले, दुसरी कोकणीत, आणि कोणालाही दुसरीचे शब्द अडले नाहीत. वखार कोठे होती, उतार कोणत्या बाजूस होता, संगमावर पाण्याचे दोन रंग कसे वेगळे दिसत, सारे जुळले. बाजाराचा वार मात्र जुळेना. आत्याबाई म्हणत सोमवार. त्या म्हणत, छे, शुक्रवार. दोनदा चहा झाला तरी निकाल लागला नाही, आणि बाहेर गाडीवान कर्णा वाजवू लागला.