पत्रे आले, सांगाडा आला नाही



काल कांदा चाळीत भरून झाला. दुपाखी चाळ, लांबी ४० फूट, खाली दीड फूट मोकळी जागा, ढीग पाच फुटांच्या आत. भरून झाल्यावर वर पाहिलं. पत्रे तेच, २०२२ चे. त्या पत्र्यांची गोष्ट बरेच दिवस लिहायची राहिली होती. कांद्याच्या रोगावर मी इथं पुष्कळ लिहिलं, पण त्या साली माझा कांदा रोगाने गेला नाही. कागदावर एक तारीख लिहिली नव्हती म्हणून गेला.

जानेवारी २०२२. चाळीच्या अनुदानाची पूर्वसंमती हातात आली होती. तेव्हा टनाला ३,५०० रुपये होते, २५ टनांच्या चाळीला जास्तीत जास्त ८७,५००. मुदतीत चाळ उभी करायची होती. तालुक्याच्या गावी ओळखीच्या दुकानात गेलो. दुकानदार वयाने माझ्याहून लहान, मला नाना म्हणतो. लोखंडी अँगल आणि चौकोनी पाइप मिळून दीड टन, ६४ रुपये किलोने ९६,००० चे झाले. सिमेंटचे २६ पत्रे, २६,००० चे. एकूण १,२२,०००. मी ८०,००० आगाऊ दिले. त्याने वहीचं पान फाडून त्यावर माल, भाव आणि जमा रक्कम लिहून दिली. तोंडाने म्हणाला, "नाना, फेब्रुवारीअखेर गाडी शेतात." मी पान घडी करून खिशात ठेवलं. ओळखीच्या माणसाकडून तारीख लिहून घ्यायची लाज वाटली, खरं सांगतो.

१५ फेब्रुवारीला पत्रे आले. लोखंड आठवड्याने येईल म्हणाला. २४ फेब्रुवारीला रशिया आणि युक्रेनचं युद्ध सुरू झालं. तेव्हा मला वाटलं, आपला काय संबंध? मार्चमध्ये लोखंड रोज चढायला लागलं, तेव्हा संबंध कळला. फोन केला की "उद्या गाडी भरतोय." परवा केला की "कंपनीकडूनच माल नाही." नंतर फोन उचलायचंच बंद. पोराने मोबाइलवर मेसेज टाकला, त्याला २० मार्चला उत्तर आलं, "३१ मार्चपर्यंत नक्की." हा मेसेज लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला आला.

३१ मार्चला दुसऱ्या दुकानात भाव विचारला, ८० रुपये. घ्यायचं तर रोख हवी होती, आणि पत्रे वजा जाता माझे ५४,००० पहिल्याकडे अडकलेले. घरची म्हणाली, "पत्रे आणून ठेवलेत, त्याखाली साठवायचं काय, ऊन?" मी काही बोललो नाही.

एप्रिलमध्ये कांदा काढला. साठवायला जागा नाही. दीडशे क्विंटल मे महिन्यात बाजारात नेला, सरासरी ८०० रुपये हातात आले. उरलेला शेतातच ढीग लावून पातीने झाकला. जूनच्या पहिल्या दोन पावसांत खालून पाणी शिरलं आणि निम्मा सडला. शेजाऱ्याचा चाळीतला कांदा त्याच साली दिवाळीनंतर १,९०० ने गेला. अनुदानाची मुदतही टळली.

पुढची गंमत बघा. २२ मे ला केंद्राने स्टीलवर निर्यात शुल्क लावलं आणि लोखंड उतरायला लागलं. जूनमध्ये दुकानदाराचा आपणहून फोन आला. "नाना, माल तयार आहे. ठरलेल्या भावात गाडी पाठवू का?" तेव्हा उजेड पडला. माझ्या पैशावर त्याने माल धरूनच ठेवला नव्हता. भाव चढला तेव्हा माल द्यायला परवडत नव्हतं, उतरल्यावर परवडायला लागलं. चढाची झळ मी सोसायची आणि उताराचा फायदा त्याने घ्यायचा.

वकिलाकडे गेलो. मी सगळं जोडून नेलं होतं: सडलेला कांदा, पडलेला भाव, गेलेलं अनुदान. वकील साहेबांनी वहीचं पान दोनदा उलटसुलट पाहिलं. म्हणाले, "यात कांदा हा शब्द कुठे आहे?"

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. १८७२ च्या करार कायद्यात कलम ७३ आहे. करार मोडला तर त्यातून सरळ होणारं नुकसान मागता येतं, किंवा असं होईल हे करार करतानाच दोघांना माहीत होतं ते नुकसान. लांबचं नुकसान मिळत नाही. याच्या मुळाशी इंग्लंडमधला १८५४ सालचा एका पीठगिरणीवाल्याचा खटला आहे. गिरणीचा दांडा मोडला, तो नमुन्यासाठी दुसऱ्या गावी पाठवला, वाहतूकवाल्याने उशीर केला आणि गिरणी बंद पडून राहिली. बुडालेला नफा गिरणीवाल्याला मिळाला नाही. कारण दांड्यावाचून गिरणी बंद आहे, हे वाहतूकवाल्याला नीट सांगितल्याचं कोर्टाला दिसलं नाही. मी म्हणालो, "साहेब, मी तोंडाने सांगितलं होतं." ते म्हणाले, "सिद्ध कसं कराल?"

मग राहिलं काय? माल ज्या दिवशी यायला हवा होता त्या दिवशीचा बाजारभाव आणि ठरलेला भाव यातला फरक. पानावर दिवसच नव्हता. तो मेसेज दाखवल्यावर साहेब म्हणाले, "३१ मार्च धरू." किलोला १६ रुपये फरक, दीड टनाचे २४,०००. नोटीस गेली.

जुलैमध्ये दुकानात बैठक झाली. मी तावातावाने बोललो. शब्द, इमान, सगळं काढलं. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "नाना, २०१९ ला माझ्या मावसभावाने तुमचा कांदा २० रुपयांनी ठरवून १०,००० इसार दिला होता. सप्टेंबरात भाव ४० वर गेला. तुम्ही काय केलं?"

मी इसार परत केला होता आणि कांदा बाजारात नेला होता. तेव्हा गावात कुणी मला वाईट म्हणालं नाही. मलाही काही वाटलं नव्हतं. त्या व्यापाऱ्याने पुढे कुणाला माल कबूल केला असेल, त्याचं काय झालं असेल, हे तीन वर्षांत एकदाही मनात आलं नाही. त्या दिवशी दुकानातल्या स्टुलावर बसून आलं.

शेवटी ५४,००० परत आणि वर १२,००० यावर मिटवलं. कांद्याचं काही मिळालं नाही. पुढच्या साली पुन्हा अर्ज करून चाळ उभी केली.

आता सांगायचं ते एवढंच. घर, विहीर, शेततळं, शेडनेट, काहीही बांधायचं असू द्या. कागदावर माल, वजन आणि भाव यांच्या जोडीला तीन गोष्टी लिहून घ्या: माल पोचण्याची तारीख, तो कशासाठी हवा आणि कधीपर्यंत उपयोगाचा आहे, आणि बाजार चढला किंवा उतरला तरी भाव हाच राहील का. खाली दोघांच्या सह्या. पैसे बँकेतून द्या, आणि एकदम न देता माल येईल तसे द्या. तारीख टळली की लगेच लेखी कळवा आणि जमलं तर दुसरीकडून माल घेऊन बिल जपून ठेवा. हात बांधून बसलात तर टाळता आलं असतं ते नुकसान मिळत नाही. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची, ग्राहक आयोगात दोन वर्षांची. वकिलाकडे लवकर जा.

आणि हा कागद दोन्ही बाजूंनी पाळायचा. परवा एका व्यापाऱ्याला ४० क्विंटल कांदा ११ रुपयांनी लिहून दिला. आठवड्यात बाजार १३ वर गेला. रात्री दोनदा उठून हिशोब केला. सकाळी गाडी ११ नेच भरून दिली.

२०१९ च्या त्या व्यापाऱ्याकडे मात्र अजून गेलेलो नाही. जायचं आहे.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर खाली लिहा. दुकानाचं नाव नको, कागदावर काय राहून गेलं तेवढं लिहा. दुसऱ्याच्या कामी येईल.