कानात सांगायचे नाव

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे ही दोन कामे निराळी खरी. पण आमच्या घरात ती नेहमी जोडीने चालतात. पाळणा हलायचा असला की महिनाभर आधीपासून जो तो नाव सुचवतो आणि दुसऱ्याने सुचवलेल्या नावाला नावे ठेवतो. यंदा हा उद्योग पार जर्मनीपर्यंत जाऊन पोचला. माझा धाकटा भाऊ तिकडे नोकरीला आहे. बायकोही तिकडचीच. होणारे मूल मुलगी आहे, हे तिथल्या डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगून टाकले. आपल्याकडे तसे सांगायला कायद्याने बंदी आहे, आणि ती का घालावी लागली हे वाचकांना नव्याने सांगायला नको. त्या दोघांनी मात्र ही बातमी कळताच शेजारीपाजारी पेढे वाटले.

मग भावाचा फोन आला. "ताई, बारशाचा मान आत्याचा. तेव्हा नाव तूच शोध. अटी दोनच. इकडच्या लोकांच्या जिभेवर ते बसले पाहिजे, आणि अर्थ शौर्याचा पाहिजे. दुसरी अट हिची आहे."

कॉलेजात असताना मी दोन वर्षे जर्मन शिकले होते. त्या भांडवलावर मुलींची जुनी जर्मन नावे घेऊन बसले, आणि थोड्याच वेळात मला वाटू लागले की, आपण एखाद्या किल्ल्यावरच्या शस्त्रागारात शिरलो आहोत. 'गेर' म्हणजे भाला. 'ट्रूड' म्हणजे बळ. दोन्ही जोडून झाली गेर्ट्रूड. 'ब्रुन' म्हणजे चिलखत आणि 'हिल्ड' म्हणजे लढाई. त्यांची झाली ब्रुनहिल्ड. 'गार्ड' म्हणजे रक्षण, तेव्हा हिल्डेगार्ड. माथिल्डेमध्ये सामर्थ्य आणि लढाई, तर हेडविगमध्ये पुढेही लढाई आणि मागेही लढाईच. 'गुंड' या शब्दाचाही अर्थ लढाई. हे मी मोठ्याने वाचले तेव्हा शेजारी वाती वळत बसलेली आई दचकून म्हणाली, "अगं, पोरीच्या नावात गुंड कशाला?"

गंमत अशी की, या जोड्या जमवताना अर्थाचा विचार फारसा होत नसे. बापाच्या नावातला एक तुकडा आणि आईच्या किंवा आजीच्या नावातला एक तुकडा घेऊन मुलीचे नाव सांधायचे, अशी त्या जुन्या टोळ्यांची रीत. म्हणजे नाव हा आशीर्वाद कमी आणि कुळाची खूण जास्त. शिवाय घरोघरी जे व्हायचे ते तिथेही झालेच. गेर्ट्रूडची ट्रूडी झाली, हिल्डेगार्डची हिल्डे झाली. भाला गळून पडला, ढाल हरवली, आणि अंगणात खेळणारी एक साधी पोर तेवढी उरली.

पण नावातच एवढी लढाई घेऊन वावरलेल्या बायकांचे पुढे काय झाले, याचे मला कुतूहल वाटू लागले.

पहिली भेटली ती ब्रुनहिल्ड, 1200 च्या सुमारास रचलेल्या निबेलुंगांच्या महाकाव्यातली राणी. भालाफेक, दगडफेक आणि उडी या तिन्हींत मला हरवील त्यालाच वरीन, असा तिचा पण. राजा गुंथरने कपटाने तो जिंकला. लग्नाच्या रात्री तिने नवरदेवाची मुटकुळी बांधून त्याला भिंतीवरच्या खिळ्याला सकाळपर्यंत टांगून ठेवले. आईला ही गोष्ट इतकी आवडली की, तिने ती पुन्हा एकदा सांगायला लावली.

दुसरी कुनिगुंडे. 'कुळ' आणि 'लढाई' मिळून झालेले नाव. ही सम्राट हेन्री दुसरा याची राणी. 1033 साली वारली. तिच्या शीलाबद्दल संशय घेतला गेला, तेव्हा ती तापून लाल झालेल्या नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालत गेली, अशी दंतकथा आहे. बाम्बेर्गच्या कॅथीड्रलमध्ये तिच्या समाधीवर हा प्रसंग कोरलेला आहे. ते चित्र पाहून आई नुसतेच "सीतामाई" म्हणाली आणि वातीला पीळ देत राहिली.

तिसरी बिंगेनची हिल्डेगार्ड. मठातली संन्यासिनी, ग्रंथकर्ती आणि संगीतकार. 1178 साली, म्हणजे ऐंशीव्या वर्षी, तिने एका सरदाराला मठाच्या आवारात मूठमाती दिली. त्याला पूर्वी धर्मबहिष्कृत केलेले होते. मरणापूर्वी त्याचा दोष धुतला गेला आहे, असे तिचे म्हणणे. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी हुकूम सोडला की, प्रेत उकरून बाहेर टाका. ती म्हणाली, उकरणार नाही. तेव्हा तिच्या मठातले गाणे बंद करण्यात आले. जिने जन्मभर स्वर रचले, तिच्या घरात स्वर नाही! तिने पत्रे लिहिली, वाद घातला, पण थडग्याला हात लावू दिला नाही. 1179 साली बंदी उठली, आणि त्याच वर्षी तीही गेली.

खरीखुरी रणांगणात गेलेली माथिल्डे आनेके. 1849 च्या क्रांतियुद्धात ती नवऱ्याबरोबर घोड्यावर बसून मोहिमेवर गेली. क्रांती फसली. दोघे अमेरिकेला पळाली. तिथे मिलवॉकी शहरात तिने 1852 साली बायकांसाठी जर्मन वर्तमानपत्र काढले आणि पुढे मुलींची शाळा चालवली. घोड्यावरचा तो काळ थोड्या दिवसांचा; शाळेची वर्षे कितीतरी अधिक.

आणि रिकार्डा हूख. रिकार्डामधला 'हार्ड' म्हणजे कणखर, धीट. ही मोठी लेखिका. तरुणपणी मायदेशातल्या विद्यापीठांची दारे बायकांना बंद होती, म्हणून झुरिकला जाऊन शिकली. 1933 साली हिटलरचे राज्य आले आणि प्रशियाच्या कला अकादमीतल्या लेखकांकडून निष्ठेची कबुली मागण्यात आली. अडुसष्ट वर्षांच्या रिकार्डाने ती दिली नाही. राजीनामा देऊन ती बाहेर पडली.

एवढे वाचल्यावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. नावांत लढाई ठासून भरली आहे. पण या बायकांचे धैर्य बहुतेक वेळा लढाईत दिसत नाही. ते 'नाही' म्हणण्यात दिसते. उकरणार नाही, सही करणार नाही, इथून हलणार नाही. नावात शौर्याचा लवलेश नसला तरी हे जमते. म्युनिकच्या विद्यापीठात हिटलरविरुद्ध पत्रके वाटणारी सोफी शोल 22 फेब्रुवारी 1943 रोजी वधस्तंभावर गेली. वय एकवीस. सोफी म्हणजे ग्रीक भाषेत शहाणपण.

"मग नावात काय आहे, सांग बघू," असे मी आईला म्हटले.

ही आमची आई. तिचे माहेरचे नाव दुर्गा. लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिले गेले, शांता. सासरच्यांना दुर्गा जराशी उग्र वाटली असावी. वडील वारले तेव्हा माझा हा भाऊ दीड वर्षाचा होता. भाडे थकले. एके दिवशी घरमालक सामान बाहेर काढायला चार माणसे घेऊन आला. आईने शिवणाचे यंत्र ओढत उंबऱ्यात आणले आणि तिथेच शिवत बसली. यंत्र हलवल्याशिवाय आत जाता येईना, आणि यंत्राला हात लावायचा कुणाला धीर होईना. दिवेलागणीला ती माणसे कंटाळून निघून गेली. तोवर आईचे तीन परकर शिवून झाले होते.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "धीर नावाने येत नाही गं. शांता होते तरी तो होताच. पण माहेरचे कुणी आले आणि 'दुर्गे' म्हणून हाक मारली, की वाटायचे, आपल्याला ओळखणारे कुणीतरी आहे."

त्या रात्री मी पुन्हा यादी उघडली. लढाई, भाला, चिलखत सगळे बाजूला ठेवले. फर्डिनांड या नावाच्या शेपटात 'नांड' असा एक तुकडा आहे. त्याचा अर्थ लढाई नव्हे, धाडस, हिंमत. त्यावरून मुलींचे नाव होते नांडा. म्हणजे आपली नंदा! आपल्या नंदेत आनंद आहे आणि तिकडच्या नांडात हिंमत. दोन्ही शब्दांचे आपसात नाते काही नाही. हा निव्वळ योगायोग. पण आपल्याकडे नंदा हे देवीचेही नाव आहे. मी भावाला कळवले. पलीकडे दोघांचे काही बोलणे झाले. मग भावजयीचा आवाज आला, "ताई, छान!" तिला येणाऱ्या वीस-पंचवीस मराठी शब्दांपैकी हे दोन.

मुलगी भाद्रपदात झाली. तिकडे जन्माची वर्दी आठवड्याच्या आत सरकारी कचेरीत द्यावी लागते. नाव मात्र महिनाभरात कळवले तरी चालते. त्यामुळे बारावा दिवस हुकला नाही. मी इथून पडद्यावर वाकून 'कुर्र' केले. आईने माझ्या पाठीत रीतसर धपाटे घातले आणि तिकडे भावाने फोन बाळाच्या कानाशी धरला. बाळ झोपेतच होते.

कचेरीतल्या दाखल्यावर नंदा लागले आहे. जर्मन आजी-आजोबा तिला नांडा म्हणतात. आमची आई मात्र दोन्ही म्हणत नाही. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की ती फोन समोर धरते आणि म्हणते, "काय गं दुर्गे, जेवलीस का?"